चार हजार शहाण्णव पायऱ्या

एका धडधाकट माणसाला त्याचं डोकं कामातून जात चाललंय असं मी पटवून दिलं. त्यासाठी फार काही करावं लागलं नाही. एकदा खोटं बोललो, तेवढं पुरलं. तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो, लग्न झालेलं होतं, त्यामुळे अजाण वयात घडलं असंही म्हणायची सोय नाही.

हे सांगायला बसलो की मी लगेच स्वतःची बाजू मांडायला लागतो. खोडच आहे माझी ती. बायको म्हणते, तुम्ही चूक कबूल करता तेव्हा ऐकणाऱ्यालाच आपलं काहीतरी चुकलं असं वाटायला लागतं. म्हणून आधी काकांबद्दल लिहितो.

काका माझे नात्यातले कुणी नव्हेत. मी उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात एका फोटो लॅबमध्ये कॉम्प्युटरवर होतो. काम मुख्यतः एकच: फोटोतल्या नवऱ्या गोऱ्या करणे. लॅबचे मालक शेठ सिंधी, मनाने दिलदार, आणि त्यांचं धंद्याचं तत्त्व, त्यांच्या हिशेबाने, तीन शब्दांत मावणारं होतं. "दुल्हन गोरी, कस्टमर खुश." हे चार शब्द झाले असं मी एकदा म्हणालो तर म्हणाले, "तू गिनती मत कर, गोरी कर."

काका तिथे फोटो छापायला यायचे. अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात आयुष्य काढून त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली होती आणि लग्नाचे फोटो काढायला सुरुवात केली होती. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला तीन पेनं, आणि पायात कारखान्यातले पुढे लोखंडी टोपी असलेले बूट. लग्नमंडपातसुद्धा तेच. का, तर "कुणी पायावर पाय दिला की फोटो हलतो." हार्ड डिस्क ते लहान बाळासारखी टॉवेलात गुंडाळून आणत. शेठ तिला हात लावायला गेले की म्हणत, "हात धुतले का?"

त्या वेळी उल्हासनगर ते बदलापूर एकही लग्नाचा फोटोग्राफर रॉ फाइल काढत नसे. कॅमेरा जे जसं टिपतो ते तसंच्या तसं ठेवणारी ती फाइल. जागा भरमसाट खाते, छापण्याआधी तिच्यावर कॉम्प्युटरवर काम करावं लागतं. बाकी सगळे जेपीईजी काढत, म्हणजे कॅमेऱ्यानेच छाटून, दाबून, तयार करून दिलेली फाइल. काका एकटे रॉवाले.

"अरे साईं," शेठ म्हणायचे, "शादी का फोटो है, एक्स-रे थोडी है? जेपीईजी में निकाल ना."

"शेठ, जीन्स घडी करके गोणी में भरा, तो दुकान में खोलने के बाद क्या मिलेगा?"

"जीन्स."

"और पाय कापके भरा तो? बर्मुडा मिलेगा. जेपीईजी मतलब बर्मुडा."

"तो बर्मुडा भी बिकता है ना!"

काका यावर डोळे मिटून घेत. त्यांच्या मते शेठ हा सुधारण्याच्या पलीकडे गेलेला, पण सज्जन मनुष्य होता.

रॉ म्हणजे काय, असं कुणी चुकून विचारलं तर त्याची सुटका नसे. "काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत एक जिना आहे असं समज. जेपीईजी आठ बिट. तिच्या जिन्याला दोनशे छप्पन पायऱ्या. आपली रॉ बारा बिट. चार हजार शहाण्णव पायऱ्या. जिना तेवढाच उंच. मग म्हातारी कुठल्या जिन्यावरून पडेल?" याचं बरोबर उत्तर आल्याशिवाय ते समोरच्याला चहाला हात लावू देत नसत. एका नवरदेवाच्या बापाला त्यांनी असं अडकवून ठेवलं होतं. तो बिचारा पत्रिकेचा नमुना द्यायला आला होता.

आणि या पायऱ्या सारख्या वाटलेल्या नसतात, ही त्यांची खास आवडीची गोष्ट. निम्म्या पायऱ्या एकट्या वरच्या मजल्यावर, भरपूर उजेडात. खाली अंधारात मोजक्या. म्हणून काका प्रत्येक फोटो मुद्दाम जास्त उजेड घेऊन काढत, पांढरं जळून जाईल असं वाटेपर्यंत, आणि मग कॉम्प्युटरवर त्याला हळूहळू खाली उतरवत. "सावळी पोरगी सावळीच ठेवायची," ते मला बजावत. "पण तिच्या गालावरची एकही पायरी गाळायची नाही." हे फक्त रॉवरच जमतं. तोच फोटो जेपीईजीवर काढला तर वरचा मजला उडून जातो, पांढऱ्याच्या जागी कोरा कागद उरतो, आणि तो नंतर कुणाच्या बापाला परत आणता येत नाही.

लॅबमध्ये सगळे त्यांना पाठीमागे आणि पुढूनही 'शहाण्णव' म्हणत. एका गिऱ्हाइकाने ते ऐकून फार आदराने विचारलं, "शहाण्णव कुळी का?" काका अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या बौद्ध कुटुंबातले. चेहऱ्यावरची रेघ न हलवता म्हणाले, "चार हजार शहाण्णव कुळी. तुमच्याकडं चार हजार कमी पडतात."

दाबणं, छाटणं त्यांना कशातच चालत नसे. 'कसे आहात' म्हटलं की पोट साफ झालं इथपासून सुरुवात करत. एसएमएसमध्ये नुसतं 'ओके' पाठवणाऱ्याला फोन करून विचारत, "बाकीचं कुठं गेलं?" काकूंनी मला एकदा सांगितलं, "यांनी मला मागणी घातली तेव्हा इतका वेळ बोलत होते, की मला वाटलं विम्याचे एजंट आहेत. मी म्हटलं, घरी मोठे भाऊ आहेत, त्यांना भेटा."

कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यांनी काळी इन्सुलेशन टेप चिकटवली होती. कारण पडदा फोटो दाखवतो तो जेपीईजीचा, म्हणजे खोटा. "बायकोच्या मैत्रिणीकडून बायकोबद्दल ऐकायचं नाही," हे त्यावरचं त्यांचं स्पष्टीकरण.

रविवारी मी त्यांच्याबरोबर लग्नाला जायला लागलो ते थोडं शिकायला आणि बरंचसं जेवायला. ते मला 'कॉम्प्युटर' म्हणत. "ए कॉम्प्युटर, इकडं ये." माझं काम कार्डं बदलायचं. एका कार्डावर शंभरेक रॉ मावत. तीन कार्डं होती. भरलेलं कार्ड लॅपटॉपवर उतरवायला वीसेक मिनिटं लागत, तोवर त्याच्याशेजारून हलायचं नाही.

आणि एक रिवाज होता, तो त्यांनी कारखान्यातून आणला होता. तिथे माल पास करताना एकाने मोठ्याने विचारायचं, दुसऱ्याने बघून मोठ्याने उत्तर द्यायचं. एकट्याने तपासलेलं ते तपासलेलं नव्हे. त्यामुळे प्रत्येक वेळी कार्ड बदलून कॅमेरा हातात घेतला की काका विचारत, "रॉ?" मी कॅमेऱ्याच्या वरच्या छोट्या पट्टीवरची अक्षरं बघून म्हणायचं, "रॉ." ती पट्टी त्यांना चष्म्याशिवाय दिसत नसे आणि चष्मा लावून त्यांना फोटो काढता येत नसे. एका लग्नात भटजींनी मध्येच थांबून विचारलं होतं, "हे काय म्हणतात मधे मधे?" काका म्हणाले, "तुमचं चालू द्या, आमचेही मंत्र आहेत."

आता बुवापाड्यातलं लग्न.

प्रज्ञा ही काकांच्या जुन्या शेजाऱ्यांची मुलगी, त्यांच्या डोळ्यांसमोर वाढलेली. लग्नाची पांढरी साडी तिने स्वतः भरली होती. पांढऱ्या साडीवर पांढऱ्या रेशमाने पिंपळाची पानं, पदरभर. किती महिने त्यात गेले कोण जाणे. लांबून बघितलं तर कोरी साडी. मैत्रिणी तिला म्हणाल्या होत्या, पांढऱ्यावर पांढरं कोण बघणार गं? तिने काकांना विचारलं, "फोटोत येईल ना, काका?"

"पानं मोजून घे," काका म्हणाले. "एक कमी भरलं तर मला धर."

मे महिना होता. सकाळी वंदना, प्रतिज्ञा, हार, सगळं दोन कार्डांवर बसलं. साडीचे फोटो काकांनी मुद्दाम चार वाजताच्या तिरप्या उन्हासाठी ठेवले होते, कारण तिरप्या उन्हात टाका उठून दिसतो. जेवणाच्या वेळी मी आचाऱ्यांच्या शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन दोन कार्डं उतरवत बसलो होतो. समोर शेवटची पंगत बसत होती. पुऱ्या, वांग्याची भाजी, जिलबी. तिसरं कार्ड कॅमेऱ्यात घातलं तेव्हा हिशेब केला: हेही तासाभरात भरणार, तोवर आधीची दोन रिकामी व्हायला हवीत, म्हणजे पंगत गेली. जेपीईजीवर ठेवलं तर दिवसभर पुरेल. मी बटण फिरवलं आणि पंगतीत जाऊन बसलो.

काका आले, कॅमेरा उचलला, माझ्या डोक्यावर उभे राहिले. "रॉ?"

माझ्या तोंडात जिलबी होती. मी पट्टीकडे बघितल्यासारखं केलं आणि म्हणालो, "रॉ."

सोमवारी लॅबमध्ये काकांनी तिसऱ्या कार्डाचे फोटो उघडले. प्रज्ञा पिंपळाखाली उभी होती. चेहरा नेहमीप्रमाणे उजळ, खाली उतरवण्यासारखा, आणि मानेखाली काहीच नव्हतं. कुणीतरी दुधाचं पातेलं लवंडल्यासारखा पांढरा डाग, त्याला दोन हात. काकांनी उजेड कमी करून बघितला. पांढऱ्याचं राखाडी झालं. पान एकही नाही. मग त्यांनी चष्मा लावून फाइलचं नाव वाचलं.

"हे जेपीईजी आहे."

शेठ चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले होते. त्यांना मजा वाटायला लागली होती. "क्या शहाण्णव, खुद बर्मुडा सिलाया?"

ते हसले नसते तर मी खरं बोललो असतो, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. तेही खरं नाही. मी म्हणालो, "काका, जेवणानंतर तुम्ही मला विचारलंच नाही."

"काय विचारलं नाही?"

"रॉ का, ते. तुम्ही काहीतरी बटणं फिरवत होता. मला वाटलं मुद्दाम ठेवलंय."

"विचारलं मी. तू जिलबी खात होतास."

"ते सकाळी, दुसऱ्या कार्डाच्या वेळी."

"सकाळी कुठली जिलबी? सकाळी पोहे होते."

"नाश्त्याला जिलबी पण होती ना, काका."

नव्हती. काकांनी माझ्याकडे बघितलं. संशयाने नव्हे, संशय घेतला असता तर बरं झालं असतं. हरवलेल्या वस्तूची जागा दुसऱ्याला माहीत असेल अशा आशेने बघतात तसं बघितलं. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "दादाचं असंच सुरू झालं."

त्यांचे थोरले भाऊ. दाराला कुलूप लावलंय म्हणून शपथेवर सांगायचे आणि दार सताड उघडं असायचं. पुढे दोन वर्षांत त्यांना स्वतःच्या बायकोचं नाव आठवेना, तिला 'बाई' म्हणून हाक मारत. हे मला माहीत होतं. काकांनीच मला सांगितलं होतं, सगळ्या तपशिलासह, त्यांच्या पद्धतीने. तरी मी वळून पुढची नवरी गोरी करायला घेतली.

गुरुवारी प्रज्ञा फोटो बघायला आली. पडद्यावर पदराच्या जागी बोट ठेवून म्हणाली, "काका, माझं भरतकाम कुठंय?"

"माझ्याकडून चूक झाली, पोरी," काका म्हणाले. ज्यांना 'कसे आहात'चं उत्तर द्यायला पाऊण तास लागायचा, ते तिथे एका वाक्यात थांबले.

मग त्यांनी तिला पुन्हा साडी नेसायला लावली. नवरा नोकरीवर परत गेला होता. ती एकटीच, बुवापाड्यात वडिलांच्या घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी नवरी होऊन उभी राहिली. खालून बायका ओरडत होत्या, "अगं, दुसरं लग्न करतेस का?" काकांनी कॅमेरा धरला. "रॉ?" मी म्हणालो, "रॉ." एक फोटो काढला. "रॉ?" कार्ड बदललेलं नव्हतं, काही बदललेलं नव्हतं, तरी प्रत्येक फोटोआधी त्यांनी विचारलं. शेवटी प्रज्ञाच मोजायला लागली आणि हसायला लागली. मला हसू आलं नाही असं लिहायला आवडलं असतं; मीही हसलो. त्या फोटोंत पदराचं प्रत्येक पान आलं, टाका न् टाका. काकांनी काढलेले ते शेवटचे फोटो.

पुढच्या लग्नांना त्यांनी नकार कळवला. "माझी गिऱ्हाइकं कॉम्प्युटरकडे पाठवा," असं सगळ्यांना सांगितलं. मी ती लग्नं घेतली. चांगले फोटो काढले. लोक म्हणत, शहाण्णवांच्या हाताखाली शिकलाय.

अडीच-तीन वर्षं मी बदलापूरला त्यांच्या घराकडे फिरकलो नाही. ऐकू येत होतं. कल्याणच्या डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं, तर काका म्हणाले, सुरुवातीला दादालाही काही नाही म्हणाले होते. गॅसवर चिठ्ठी, नळावर चिठ्ठी, दारावर चिठ्ठी. स्कूटरची किल्ली काकूंकडे.

मग एकदा बदलापूरच्या बाजारात ते दोघं समोर आले. काका मेथीची जुडी बघत होते. मला ओळखलं, माझ्या मुलीची चौकशी केली, तिचं नाव, तिची इयत्ता, तिला कांजिण्या आल्या होत्या तेसुद्धा. काहीही विसरले नव्हते. आणि शर्टाच्या खिशाला, जिथे पूर्वी तीन पेनं असायची तिथे, सेफ्टी पिनेने एक प्लॅस्टिकमधलं कार्ड लावलेलं होतं. काकूंच्या अक्षरात नाव, इमारत, तिसरा मजला, फोन. शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलाला लावतात तसं.

पुढच्या रविवारी सकाळी गेलो. काकूंनी दार उघडलं. काका खिडकीशी बसले होते. मी पाणीही न पिता सुरुवात केली. कार्डं किती होती, कॉपी व्हायला किती वेळ लागायचा, लॅपटॉप किती जुना, ऊन किती, सकाळपासून पोटात काय होतं. अर्धा तास तरी बोललो असेन. बोलता बोलता 'तुम्ही विचारलंच नाही' हे खोटं होतं, तेही सांगून टाकलं.

काका ऐकत होते. मग पुढे सरकून त्यांनी विचारलं, "म्हणजे सकाळी जिलबी नव्हती?"

"नव्हती."

"पोहे होते."

"पोहेच होते, काका."

"खोबरं कमी होतं वर."

"हो."

त्यांनी मांडीवर थाप मारली. "अगं ऐकलंस का? पोहे होते! तीन वर्षं मी हिला सांगतोय पोहे होते!" मग माझ्याकडे वळले आणि मला ज्या शिव्या दिल्या त्या कारखान्याच्या कुठल्याही तपासणीतून पास झाल्या नसत्या. एकही गाळली नाही. दम लागला तेव्हा थांबून म्हणाले, "भडव्या, जिलबीसाठी?"

"नाही, काका," मी म्हणालो. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. "जिलबी निम्मीच. मला तुम्हाला खोटं पाडायचं होतं. मला वाटायचं, या सगळ्या पायऱ्याबियऱ्या तुमचं खूळ आहे, फरक कुणालाच दिसत नाही. फोटो छापून झाले की सांगणार होतो, बघा, जेपीईजी होते, तुम्हालाही कळलं नाही. सगळ्यांसमोर सांगणार होतो. मग ते तसे निघाले, आणि शेठ हसत होते, आणि…"

काकू इतका वेळ दारात उभ्या होत्या. त्यांनी जवळ येऊन काकांच्या खिशावरचं कार्ड काढलं, सेफ्टी पीन मिटवली आणि स्वतःच्या मंगळसूत्राला अडकवली.

"तीन वर्षं मी या माणसाच्या मागून फिरतेय," त्या म्हणाल्या. "संडासात गेले तरी बाहेर उभं राहून विचारते, आहात ना? लेकीच्या घरी एक रात्र राहिले नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही लॅपटॉपचं सांगितलंत, उन्हाचं सांगितलंत, शेठचं सांगितलंत. माफी अजून मागितली नाहीत."

मी तोंड उघडलं. पुन्हा ऊनच आलं असतं बाहेर. मी उठून काकांच्या समोर उभा राहिलो.

"काका, तुम्ही मला विचारलं होतं. मी खोटं बोललो. माझं चुकलं. मला माफ करा."